या आठवड्याची पाच गाणी

दर शनिवारी सकाळी हैदराबादकडून येणारी गाडी सेलूच्या स्टेशनात लागायची, तेव्हा मी प्लॅटफॉर्मच्या अगदी शेवटच्या टोकाला उभी असायची. पुढचे डबे प्रवाशांचे, त्यांच्याशी मला देणंघेणं नव्हतं. मला गार्डचा डबा पाहिजे असायचा. गार्डसाहेब हिरवी झेंडी काखेत धरून दारातून वाकायचे आणि म्हणायचे, ‘लो बिटिया, मामू का पार्सल.’ उर्दू वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेली ती पुडी छातीशी धरून मी घरापर्यंत जवळजवळ पळतच यायची. वाटेत कापसाच्या बैलगाड्यांची रांग असायची, जिनिंगच्या चाळणीतून उडालेला कापूस विजेच्या तारांवर, बाभळींवर, माणसांच्या भुवयांवर बसलेला असायचा. सतरा वर्षांची पोरगी अशी ओढणी सावरत पळताना बघून दुकानदार एकमेकांना विचारायचे, ‘मास्तराच्या घरी कोणाची तब्येत बिघडली काय?’ घरात सगळे ठणठणीत असायचे. पुडीत एक कॅसेट असायची, आणि कॅसेटवर पाच रॉक गाणी.

माझा मामा सिकंदराबादला रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो आठवडाभरात त्याला आवडलेली पाच गाणी टेप करायचा आणि सोबत एका चिठ्ठीवर त्यांची नावं लिहायचा. अडचण एवढीच होती की मामा निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेला. लिहायचं म्हटलं की त्याचा हात आपोआप उजवीकडून डावीकडे चालायचा. म्हणजे गाणी इंग्रजी, लिपी उर्दू, आणि ऐकणार आम्ही मराठी. आमच्या घरात उर्दू वाचता येणारं माणूस एकच, ते म्हणजे माझे वडील. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. ते हायस्कुलात गणित शिकवायचे, आणि त्यांचं स्वतःचं शिक्षण सातवीपर्यंत उर्दूतच झालेलं होतं. त्यामुळे ज्या माणसाला या संगीताचा मनापासून तिटकारा होता, त्याच माणसाला दर शनिवारी ओसरीवर बसून त्या गाण्यांची नावं मोठ्यानं वाचून दाखवावी लागायची. ते हे काम गणिताचा पेपर तपासावा तसं करायचे.

एकदा चष्मा कपाळावर सारून दादा म्हणाले, ‘लाम, वाव. म्हणजे लो. किंवा लू. लौसुद्धा असू शकतंय.’

‘लव्ह असेल दादा,’ मी म्हणाले.

दादांनी चिठ्ठीची शांतपणे घडी घातली. ‘पुढचं बघू,’ म्हणाले. पुढच्या नावातही तोच शब्द निघाला, तेव्हा त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि ते वह्या तपासायला आत निघून गेले.

आमचं घर तीन खोल्यांचं, वर पत्रे. टेपरेकॉर्डर ओसरीच्या कोनाड्यात ठेवलेला, तोही मामानंच वापरून दिलेला. गाण्यातलं जाड तारेचं वाद्य वाजायला लागलं की डोक्यावरचे पत्रे झणझणायचे आणि कोपऱ्यातली पालींची बिऱ्हाडं हलायची. आई रविवारी सकाळी सुशीला करायची. मुरमुरे भिजवून, वर हिरवी मिरची, शेंगदाणे, डाळव्याची पूड. कढईतल्या मोहरीचा तडतडाट आणि कॅसेटमधल्या ढोलांचा दणदणाट एकाच वेळी सुरू व्हायचा. आईला शब्द कळायचे नाहीत, सूर आवडायचे की नाही तेही तिनं कधी सांगितलं नाही, पण गाणं चढायला लागलं की तिच्या हातातला झारा चढायचा. त्या रविवारच्या सुशीलात तिखट नेहमीपेक्षा जास्त पडायचं, एवढं नक्की.

आणि आत्या. ती दादांची मोठी बहीण. लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन माहेरी आलेली, तेव्हापासून ती आमच्यातच. देवासमोर लाख वाती लावायचा तिचा नेम चाललेला असायचा, त्यामुळे ओसरीवर कापसाचा पेळू घेऊन ती दिवसभर वाती वळत बसायची. शंभर वाती झाल्या की वाटीत ज्वारीचा एक दाणा टाकायचा, हा तिचा हिशेब. तिला कधी चूक झालेली मी पाहिली नाही. गाण्यांची खरी नावं आमच्या तोंडी बसेनात, म्हणून आत्यानं त्यांना आपली नावं ठेवली होती. ‘ते इंजिन शंटिंग करायलंय, ते लाव गं,’ म्हणायची. एक होतं ‘हौदात पडलेली बादली’. एक होतं ‘सासूशी भांडण’. एका संथ, उदास गाण्याला तिनं बराच वेळ नाव दिलं नाही. तिसऱ्या रविवारी म्हणाली, ‘हे त्याचं कोणीतरी गेलंय. ह्याला नाव नको.’

रविवारी दुपारी जेवणं झाली की निकाल लागायचा. आवडीप्रमाणे क्रम. आत्याचं एक मत, आईचं एक, माझं एक. दादा मत द्यायचे नाहीत, पण बरोबरी झाली तर खोलीतूनच ‘दुसरं’ किंवा ‘चौथं’ असं ओरडायचे, म्हणजे ते ऐकत असायचे. मग मी वहीचा कागद घेऊन वर लिहायची, ‘या आठवड्याची पाच गाणी’. खाली क्रमानं आत्याची नावं. सोमवारी तो कागद मी कॉलेजात मुलींच्या खोलीत भिंतीला डकवायची.

आज माझ्या फोनमध्ये जगातली सगळी गाणी आहेत, असं माझी नात सांगते. असतील. पण मी अजूनही आठवड्याला पाचच निवडते. कालच निवडली. पहिलं एका बाईचं आहे, ती गाते कमी आणि जाब जास्त विचारते. दुसऱ्यात गिटार एवढं लांब चालतं की मध्ये चहा करून घेता येतो. तिसरं माझ्या वयाच्या म्हाताऱ्याचं, आवाज पार गेलेला, तरी त्याला गायचंच आहे. चौथं ईशान्येकडच्या कोण्या पोरांचं, भाषेचं अक्षर कळत नाही. पाचवं नातीनं सुचवलेलं, ते मी तिच्या समाधानासाठी यादीत घातलं होतं, आता त्याचा क्रमांक वर न्यावा लागेल असं दिसतंय.

मुलींच्या खोलीतला तो कागद बहुतेक जणी हसून सोडून द्यायच्या. रॉक म्हणजे दगड, म्हणून माझं नावच ‘दगडी निमा’ पडलं होतं. फक्त एकजण रोज कागदासमोर उभी राहायची. ती छबू. जिंतूर रस्त्यावरच्या एका गावाहून एसटीनं यायची, वर्गात मागच्या बाकावर बसायची, कोणाशी फार बोलायची नाही. एक दिवस तिनं मला विचारलं, ‘हौदात पडलेली बादली म्हंजी कसं गाणं हाय?’ मी तोंडानं वाजवून दाखवायचा प्रयत्न केला. ती ऐकत राहिली आणि मग तिनं बाकावर बोटांनी तोच ठेका वाजवला, माझ्यापेक्षा कितीतरी नेमका. मी विचारलं, ‘हे कुठं शिकलीस?’ ती इकडंतिकडं बघून म्हणाली, ‘आमच्यात हलगी वाजवत्यात. बाप, चुलते, समदे. मला बी येती. पण पोरीनं भाइर वाजवायची नसती.’

त्या रविवारी मी तिला घरी बोलावलं. ती ओसरीच्या पायरीवर बसली, वर आली नाही. आत्यानं तिला गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, आणि मग चहा आला तो कान तुटलेल्या वेगळ्या कपात आला. छबूनं चहा पिऊन कप स्वतः विसळून पायरीवर पालथा ठेवला. मी पाहिलं, मला कळलं, आणि मी काही बोलले नाही. या प्रकरणात मी जे काही अभिमानानं लिहिणार आहे त्याच्याआधी हे लिहून ठेवणं भाग आहे.

छबू येत राहिली. दिवाळीच्या सुमारास मामानं एक गिटार पाठवलं. पोटाला तडा गेलेलं, म्हणून दुकानानं टाकून दिलेलं. सोबत बोटं कुठं ठेवायची याची चित्रं. महिनाभरात माझ्या बोटांना घट्टे पडले आणि चार सूर धड लागायला लागले. पण कॅसेटमधला तो फाटका, गुरगुरणारा आवाज काही निघेना. स्टेशन रोडला रेडिओ दुरुस्त करणारे करीमचाचा होते, त्यांना मी विचारलं. त्यांनी गिटार उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, ‘ह्याला कान पाहिजे बेटा. तारांच्या खाली लोहचुंबक, त्याच्याभोवती बारीक तांब्याची तार. वेढे किती? पाच हजार, सहा हजार. हातानं कोण घालणार?’

कोण घालणार ते मला माहीत होतं.

लोहचुंबक दादांनी दिले. शाळेच्या प्रयोगशाळेतले दोन तुटके तुकडे त्यांनी खिशातून काढून माझ्या वहीवर ठेवले आणि म्हणाले, ‘विज्ञान म्हणून देतोय. गाणं म्हणून नाही.’ साबणाच्या डबीचं झाकण कापून मी त्याची चौकट केली. करीमचाचांनी जळक्या ट्रान्सफॉर्मरमधली केसासारखी तार दिली. आत्यानं ती बोटात धरून पाहिली, उजेडात नेऊन पाहिली. ‘वातीपेक्षा सोपं आहे,’ म्हणाली, आणि तिनं वेढे घालायला घेतले. सहा दिवस ती माउली ओसरीवर बसून होती. शंभर वेढे, एक ज्वारीचा दाणा. बेचाळीसाव्या दाण्याला तार तुटली. करीमचाचांकडून सोल्डरचा डाग देऊन तार जोडून आणली आणि तिनं पुन्हा सुरू केलं. छबू पायरीवर बसून तिच्याकडं बघत असायची. आत्याचा हात ज्या लयीत फिरायचा त्या लयीत छबू गुडघ्यावर हळूच बोटं वाजवायला लागली. थोड्या वेळानं आत्याच म्हणाली, ‘थांबू नको गं. तुझ्यानं हात बरा चालायलाय.’

सहा हजार झाले. करीमचाचांच्या दुकानात आम्ही ते वेटोळं गिटारच्या तारांखाली बसवलं, त्याची वायर मंडपवाल्याच्या जुन्या ॲम्प्लिफायरच्या माइकच्या भोकात खुपसली आणि मी एक तार छेडली. भोंग्यातून जो आवाज आला त्यानं समोरच्या हॉटेलातला माणूस कपबशी घेऊन बाहेर आला. करीमचाचा कानावर हात ठेवून म्हणाले, ‘आवाज फटा है.’ मी म्हणाले, ‘चाचा, असाच पाहिजे!’ मी त्या भर दुपारी भर बाजारात नाचले होते, हे मला आजही खरं वाटत नाही.

गाणंही मग आपोआप आलं. इंग्रजी शब्द आमच्या तोंडात बसत नव्हते, आणि बसवायचे तरी कशाला? छबूनं ठेका धरला, मी तारा ओढल्या, बाहेर जिनिंगचा भोंगा वाजला, आणि तेच शब्द झाले:

‘भोंगा वाजला, जिनिंगचा भोंगा वाजला,
रस्ता सोडा, आमी यायलोत!
सरकी सुटली, रुई सुटली,
पोत्यात कोंबू नका, आमी उडायलोत!’

कॉलेजच्या गॅदरिंगसाठी आम्ही नाव दिलं. निवडीच्या दिवशी सांस्कृतिक विभागाचे कुलथे सर टेबलामागे बसलेले. आम्ही एकच कडवं वाजवलं असेल, त्यांनी हात वर केला. ‘हे पाहा,’ ते म्हणाले, ‘मुलींनी भावगीत म्हणावं, समूहगीत म्हणावं. ऑर्केस्ट्रा मुलांचा आहे, तो पुरेसा आहे. आणि ही हलगी. ही मिरवणुकीत वाजते, मयतीत वाजते. कॉलेजच्या स्टेजवर ही येणार नाही.’ खोलीत दहा-बारा मुलं होती, त्यातली काही हसली. छबूनं हलगी ओढणीत गुंडाळली आणि ती बाहेर गेली. मी मागं पळाले. स्टँडवर ती म्हणाली, ‘निमा, तू एकटी वाजीव. मी आता येत न्हाई.’ आणि ती बसमध्ये चढली.

घरी येऊन मी रडले. दादा म्हणाले, ‘मी आधीच सांगितलं होतं. घरात ठीक आहे, चारचौघांत कशाला?’ आत्यानं मात्र विचारलं, ‘सर नेमकं काय म्हणाला? शब्दाला शब्द सांग.’ मी सांगितलं. ती वाती वळायची थांबली. बराच वेळ ती त्या पायरीकडं बघत होती. मग उठून आत गेली, आणि फडताळातला कान तुटलेला कप उकिरड्यावर आपटल्याचा आवाज मी ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं धुतलेलं लुगडं नेसलं, डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, ‘चल, तुझं कॉलेज दाखव.’ देऊळ आणि नात्यातली कार्यं सोडली तर ती बाई कैक वर्षांत कुठं गेली नव्हती. बाजारातून ती माझ्या पुढं चालत होती. आधी ती कॉलेजच्या फाटकाशी उभी राहिली, गावाकडची एसटी येईपर्यंत. छबू उतरली आणि आम्हाला बघून थबकली. आत्या तिच्यासमोर गेली.

‘पोरी,’ ती म्हणाली, ‘त्या मास्तरानं जे म्हटलं ना, ते मी मनातल्या मनात कैक वर्षं म्हणत आले. काल त्याच्या तोंडचं ऐकलं, तेव्हा कसं लागतं ते कळलं. मी चुकले. आता तुला वाटलं तर चल, नाही वाटलं तर मी काही म्हणणार नाही.’

छबूनं हातातल्या वह्या छातीशी धरल्या. मग म्हणाली, ‘हलगी घरी ठिवून आले.’

‘उद्या आण,’ आत्या म्हणाली. ‘मी उद्यापण येते.’

आणि ती खरंच दुसऱ्या दिवशीही आली. आम्ही तिघी प्राचार्यांच्या खोलीत शिरलो. प्राचार्य वयस्कर, पांढऱ्या मिशांचे, आमच्याशी दोन वर्षांत ते एक वाक्यही बोललेले नव्हते. आत्यानं नमस्कार केला आणि उभ्यानंच बोलायला लागली. ‘साहेब, मला गाण्यातलं कळत नाही. पण ह्या वाद्यात मी सहा हजार वेढे घातलेत, मोजून. तुमच्या सरांनी एक कडवंही पुरतं ऐकलं नाही. नाही म्हणायचं तर म्हणा. पण ऐकून म्हणा.’

प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं. ‘सहा हजार? मोजले कसे?’

‘ज्वारीच्या दाण्यांनी.’

‘आणि चुकलं नाही?’

‘साहेब, मी लाखाचा नेम केलेली बाई आहे,’ आत्या म्हणाली. ‘सहा हजारात काय चुकणार?’

प्राचार्य हसले, आणि त्यांनी शिपायाला हॉलचं कुलूप काढायला सांगितलं. कुलथे सरांनाही बोलावून घेतलं. या वेळी आम्ही गाणं पुरं वाजवलं. प्राचार्य खिडकीशी पाठमोरे उभे होते, त्यामुळे त्यांचा चेहरा दिसत नव्हता. गाणं संपल्यावर ते वळले आणि म्हणाले, ‘सर, तुमची हरकत आवाजाला आहे, का हलगीला?’ कुलथे सर म्हणाले, ‘तसं नाही साहेब, पण परंपरा...’ ‘आवाजाला असेल तर मी ऑर्केस्ट्राही बंद करतो,’ प्राचार्य म्हणाले. ‘हलगीला असेल, तर तसं मला लिहून द्या.’ कुलथे सरांनी लिहून दिलं नाही. कार्यक्रमात आम्हाला शेवटचा क्रमांक मिळाला.

गॅदरिंग दुपारीच असायचं, कारण गावोगावच्या मुलींना दिवस मावळायच्या आत एसटी गाठायची असे. मंडप खच्चून भरला होता. पुढं पाहुणे, मग पालक, एका बाजूला मुली, मागं कनातीला टेकून पोरांची गर्दी. ऑर्केस्ट्रा झाला, नाटुकली झाली, समूहगीतं झाली. मंडपाच्या मागं छबू वर्तमानपत्र पेटवून हलगी शेकत होती. कातडं तापून ताणलं की आवाज खणखणीत येतो. ‘घाबरलीस का?’ मी तिला विचारलं, खरं तर स्वतःलाच. ती म्हणाली, ‘माझा बाप आलाय. कनातीजवळ हुबा हाय. घ्यायला आलाय, त्याला म्या काय सांगितलेलं न्हाई. त्याची हलगी बी न इचारताच आणलीय.’

लाऊडस्पीकरवरून नाव पुकारलं गेलं. माझं नाव, आणि मग, ‘हलगीवर, छबू’. मागून हुल्लड उठली. शिट्ट्या, ‘वाजव रे’, ‘वरात आली’. आम्ही स्टेजवर आलो आणि हसण्याचा लोट अंगावर आला. माइकपाशी उभी राहून मी मागच्या पायऱ्यांकडं बघितलं. त्या क्षणी मी परत फिरले असते. छबूनं मात्र माझ्याकडं बघितलंही नाही. ती स्टेजच्या पार पुढच्या काठाशी गेली, हलगी दंडाशी घट्ट धरली, आणि तिनं काडी मारली.

तो पहिला ठोका गोळी सुटावी तसा मंडपात फिरला. हुल्लड जागच्या जागी तुटली. तिनं दुसरा मारला, तिसरा मारला, मग ठेका धरला, आणि तो ठेका एवढा दांडगा होता की मी घाबरायची विसरले. मी तारा ओढल्या. तो फाटका, गुरगुरता आवाज चारी भोंग्यांतून बाहेर पडला, कनाती फडफडल्या, पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांच्या टोप्या हातात आल्या. मी गायले नाही, ओरडले. ‘भोंगा वाजला!’ पहिल्या वेळी कोणी काही म्हणालं नाही. दुसऱ्या वेळी ‘रस्ता सोडा’ म्हटल्यावर मुलींच्या बाजूनं कोणीतरी एकटीनंच ओरडलं, ‘आमी यायलोत!’ ती कोण होती ते मला आजवर कळलं नाही. मला तिचे पाय धरायचे आहेत. तिसऱ्या वेळी मुलींची सगळी बाजू उभी राहिली. चौथ्या वेळी शिट्ट्या मारणारी पोरंही त्यात होती. पालकांच्या रांगेत दादा उभे राहिलेले मला दिसले. गणिताचे मास्तर, हातात छत्री, ती काखेत मारून ते टाळ्या वाजवत होते, आणि त्यांची एकही टाळी ठेक्याबाहेर पडत नव्हती. त्यांच्या शेजारी आई रडत होती आणि हसत होती. आत्या बसूनच होती. मांडीवर हात ठेवून, मान ताठ, कार्याला आलेल्या विहिणीसारखी.

गाणं संपवलं तर लोक संपवू देईनात. तीन वेळा वाजवलं. तिसऱ्या वेळी प्राचार्यांनी स्वतः हात वर करून सांगितलं, ‘बस करा, मुलींची एसटी चुकेल.’ कुलथे सर स्टेजच्या कडेला उभे होते. छबू त्यांच्यासमोरून उतरली तेव्हा ते बाजूला सरले, आणि तिला म्हणाले, ‘हात चांगला आहे तुझा.’ छबूनं मान हलवली. ‘हाय,’ ती म्हणाली.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. दादांनी मला शिक्षिका करायचं ठरवलेलं होतं, त्यासाठी आणून ठेवलेला अर्ज त्यांनी त्याच आठवड्यात फाडला आणि पॉलिटेक्निकचा इलेक्ट्रॉनिक्सचा आणला, त्यावर उर्दूत दस्तखत केली आणि मग खोडून मराठीत केली. मी जन्मभर परभणीत ॲम्प्लिफायर बनवले, दुरुस्त केले. छबू शाळेत शिक्षिका झाली, पुढं मुख्याध्यापिका झाली, आणि तिच्या शाळेतल्या मुलींचं हलगीपथक मी स्वतः जाऊन ऐकलंय. पण त्या संध्याकाळचं शेवटचं दृश्य मी पाहिलेलं नाही. ते छबूनं मला दुसऱ्या दिवशी मुलींच्या खोलीत सांगितलं.

जिंतूरच्या बाजूची एसटी मुलींनी खच्चून भरली होती. स्टँड सुटायच्या आतच त्यांनी गाणं सुरू केलं. कंडक्टर दोनदा ओरडला, मग तिकिटाच्या पेटीवर त्यानंच ताल धरला. थांबा आला की दोन-चार जणी उतरायच्या आणि गातगात पाणंदीला लागायच्या. छबूचं गाव आलं तेव्हा अजून उन्हं होती. तिचा बाप सबंध वाटभर एक शब्द बोलला नव्हता. हलगी त्याच्या खांद्याला होती, कारण ती त्याची होती. वेशीपाशी तो थांबला. समोर गावाचा मुख्य रस्ता, पारावर माणसं बसलेली, हापशावर बायका. त्यानं खांद्यावरची हलगी उतरवली आणि लेकीच्या हातात दिली.

‘वाजवीत चल,’ तो म्हणाला. ‘मी मागनं येतो.’

छबूनं आधी पारावरच्या माणसांकडं बघितलं, मग बापाकडं. मग तिनं हलगी दंडाशी धरली, आणि वेशीपासून घरापर्यंत, भर रस्त्याच्या मधोमध, ती वाजवत गेली.